मासे जिवंत होते

१

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी उंबरदऱ्यात घरटी एक माणूस उलट्या-जुलाबांनी आडवं झालं आणि तिसऱ्या दिवशी लंकाबाईचा चार वर्षांचा नातू समर्थ गेला. नाशिकच्या दवाखान्याला निघालेली जीप देवळाली कॅम्पच्या अलीकडे पोचली होती, तेवढ्यात पोराने आजीच्या मांडीवर मान टाकली. नळाचं पाणी बाधलं, याबद्दल गावात दुमत नव्हतं. कोडं वेगळंच होतं. ज्या सकाळी ते पाणी सुटलं, त्या सकाळच्या वहीत पंपचालक भिकन पगारेने नेहमीच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'मासे जिवंत. पाणी सोडले.'

आणि मासे खरोखरच जिवंत होते. पोर गेलं, मासे राहिले.

तेजल दोंदे सकाळी नाशिकहून निघाली ती पोटात काही न घालताच. पाण्याची तपासणी करणाऱ्या एका संस्थेत ती काम करायची, आणि उंबरदऱ्याची माशांची टाकी ही तिचीच कल्पना. कल्पना अगदी साधी. ओढ्याचं पाणी पंपाकडे जाण्याआधी एका सिमेंटच्या टाकीतून फिरवायचं. टाकीची एक बाजू काचेची. आत त्याच ओढ्याच्या वरच्या डोहातले मासे सोडायचे, बोटाएवढे, रुपेरी, अंगावर निळा पट्टा. हे मासे जातीचेच नाजूक. पाण्यात घाण मिसळली, त्यातली हवा कमी झाली, की सगळ्यांत आधी ते मरतात. पंपचालकाने रोज सकाळी काचेतून बघायचं. मासे पोहत असले तर पंप चालू करायचा. पालथे पडले असले तर पंप बंद, आणि तेजलला फोन. "प्रयोगशाळेला जे सांगायला दोन दिवस लागतात ते मासे दोन तासांत सांगतात," असं ती दोन वर्षांपूर्वी ग्रामसभेत म्हणाली होती आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. भिकनने तर माशांचं बारसंच करून टाकलं. साहेबाच्या पुढे पट्टेवाला चालतो तसे हे पाण्याच्या पुढे चालतात, म्हणून तो त्यांना 'पट्टेवाले' म्हणायचा.

आज तोच भिकन पंपघरासमोर उकिडवा बसला होता. साठीचा माणूस, पण चार दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा झालेला. शेजारी गावचे दोन तरणे गडी उभे होते, पळून जाऊ नये म्हणून. पळून जाणार कुठे बिचारा!

सरपंच कारभारीनाना पुढे आले. "मॅडम, चार वाजता ग्रामसभा हाय. पोलीस बी येणार हायेत. ह्यानं टाकीकडं न पाह्यताच वहीत लिव्हलं, एवढं तुमी कागदावर द्या. लोक लय तापलेत. पोरगं गेलंय, कुणीतरी जाब द्यायलाच पाह्यजे."

"ताई, मी पाह्यलं व्हतं," भिकन खालमानेने म्हणाला. "बाबासाहेबांची शपथ घेऊन सांगतो, मासे हालत व्हते."

तेजल पंपघरात शिरली. भिंतीवर निळ्या रंगाची पत्र्याची पाटी होती, तिच्यावर पाच सूचना आणि खाली तेजलची सही. त्या तिने स्वतःच लिहिलेल्या, म्हणून पुन्हा वाचायची गरज तिला वाटली नाही. ती काचेपुढे गुडघ्यांवर बसली.

मासे मजेत पोहत होते. करडे, पोट सुटलेले. मधूनच एखादा लहानसा मासा रंगीत शेपटी हलवत जायचा. बारकी पिल्लं तर पुष्कळ. तिने काचेला नाक लावलं आणि एकेक मासा न्याहाळला. निळा पट्टा एकाच्याही अंगावर नव्हता.

भिकनची शपथ खरी होती. टाकीत मासे जिवंत होते. पण हे ते मासे नव्हतेच.

२

"गप्पी," तिने बाहेर येऊन सरपंचांना सांगितलं. "डास खायला हौदात सोडतात ते गप्पी मासे. पाण्यातली हवा संपली तरी वर येऊन श्वास घेतात. गटारातही जगतात ते. त्यांना विचारून पाणी सोडणं म्हणजे आंधळ्याला रस्ता विचारणं."

कारभारीनानांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजी बदलले! रविराजचंच काम हे. त्याचा मैल्याचा टँकर हाय. घाण टाकली असंल ओढ्यात, आन मासे मेल्याचं दिसू नये म्हून रातोरात बदलले असतील."

सरपंचांचा संशय अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. रविराज हा तिशीतला शिकलेला शेतकरी. आसपास शहरी लोकांचे बंगले नि फार्महाऊस झाले तसा त्याने त्यांच्या संडासाच्या टाक्या उपसायचा धंदा काढला होता. पण संशयावर माणूस लटकवायचा तर भिकनच काय वाईट होता?

तेजलने पिशवीतून चहाची गाळणी आणि पांढरी ताटली काढली आणि ती ओढ्यात उतरली. पाणी एव्हाना निवळून आरशासारखं झालं होतं. बाटलीत भरून नेलं असतं तर प्रयोगशाळेने 'पिण्यायोग्य'च्या जवळपास काहीतरी लिहून दिलं असतं. पाण्याला आठवण नसते, परवाची घाण परवाच वाहून जाते. दगडाखालच्या जीवांना मात्र पळून जाता येत नाही. जे येईल ते त्यांना सोसावं लागतं, आणि कोण तगलं, कोण मेलं यावरून सगळा इतिहास वाचता येतो.

पंपघराजवळचा पहिला दगड तिने उलटला. खाली बुळबुळीत राखाडी थर, आणि चिखलाच्या नळ्यांमधून वळवळणाऱ्या लाल दोऱ्यांसारख्या अळ्या. घाणीत सुखाने नांदणारे हेच जीव. दुसरा दगड, तिसरा, दहावा, सगळीकडे तेच. ती दगड उलटत वर चालत राहिली. दोनेकशे पावलांवर गाडीवाट ओढ्यात उतरत होती. त्या उताराच्या वरचा दगड तिने उचलला, आणि तीन शेपट्यांचे चपटे किडे भराभर दगडाच्या दुसऱ्या बाजूला पळाले. स्वच्छ पाण्याशिवाय हे किडे एक दिवस जगत नाहीत. उताराच्या वर बारा दगडांखाली ते होते. उताराच्या खाली बारा दगडांखाली एकही नव्हता.

उताराच्या काठावरच रविराजचं शेत होतं, आणि शेताच्या कडेला टँकर उभा होता.

"मॅडम, माझा टँकर नाशिकला खाली होतो," तिला बघताच तो म्हणाला. "कुणालाही विचारा."

"मी टँकरचं नावही काढलेलं नाही."

 तेजलने लाल अळ्यांची ताटली त्याच्यासमोर टँकरच्या पायरीवर ठेवली. "इतक्या अळ्या चार दिवसांत होत नाहीत, रविराज. महिने लागतात. तुम्ही संक्रांतीला पहिल्यांदा टाकलेलं नाही."

रविराज ताटलीशेजारी पायरीवर बसला. त्या वळवळणाऱ्या जीवांकडे बघतच तो बोलायला लागला.

"ऑक्टोबरात पहिल्यांदा," तो म्हणाला. "तेरा तारीख होती. टँकरच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, नाशिकपर्यंत जाणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी इथंच सोडला. तारीख ध्यानात आहे, कारण दुसऱ्या दिवशी धम्मचक्र दिन होता, विहारावर सकाळपासून रात्रीपर्यंत स्पीकर चालू होता, आणि मी घरात जीव मुठीत धरून बसलो होतो. वाटलं, आता मासे मरणार, गावात बोंब होणार. पण दोन दिवस गेले, आठ दिवस गेले, कुणी चकार शब्द काढला नाही. मग वाटलं, ओढ्याला पचतंय. मासे जिवंत आहेत म्हणजे पाणी चांगलं, असं तुम्हीच सांगितलं होतं ना? मग सवयच लागली. ह्या संक्रांतीला सगळे बंगले भरलेले होते, म्हणून तीन खेपा झाल्या. ओढ्याला धारही आटलेली."

"आणि मासे कुणी बदलले?"

"आईशप्पथ, मला ठाऊक नाही. मी त्या पंपघरात आजवर पाऊल टाकलेलं नाही." त्याने तोंड ओंजळीत लपवलं. "समर्थ माझ्या ट्रॅक्टरवर बसायला यायचा, मॅडम."

घाण कुठून आली हे सापडलं होतं. पण तेजलला समाधान वाटेना, कारण रविराज म्हणत होता ते माशांच्या बाबतीत खरं असेल, तर हा खेळ त्याने मांडलेला नव्हता.

३

ती पुन्हा काचेपुढे येऊन बसली, आणि या वेळी तिने मासे मोजले.

मोठ्या माद्या वीस. उरलेली सगळी त्यांची प्रजा, आणि ती तीन आकारांची : तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं, नखाएवढी पोरं, आणि शेपटीला नुकता रंग चढू लागलेले नर. गप्पीची मादी महिन्या-महिन्याने विते, आणि एकदा नराशी संग झाला की पुढची दोन-चार वेतं नर नसला तरी चालतात. तीन आकार म्हणजे तीन वेतं, म्हणजे तीन महिने. जुना नर एकही नव्हता. माद्या इथे आल्या त्या ऑक्टोबरच्या मध्याला, आणि आणणाऱ्याने रंगीत नर टाळून करड्या माद्याच निवडून आणल्या होत्या. म्हणजे मूळच्या माशांपेक्षा फरक जाणवू नये, याची त्याला काळजी होती.

तिने कोनाड्यातली वही काढली. चौदा ऑक्टोबर : 'लाइट नाही. पाणी बंद.' पंधरा : 'लाइट नाही. पाणी बंद.' सोळा : 'मासे जिवंत. पाणी सोडले.' अक्षर मोठं, रेघेवर नीट बसवलेलं.

तेजलचं बोट चौदा तारखेवर थांबलं. विहारावर दिवसभर स्पीकर चालू होता म्हणे. मग पंपघराचीच लाइट कशी गेली होती?

म्हणजे मासे बदलणाऱ्याला घाण झाकायची नव्हती. त्याने घाण पाणी गावाला पाजलंच नव्हतं, ते निवळेपर्यंत दोन दिवस पंप बंद ठेवला होता. त्याला फक्त मेलेले मासे लपवायचे होते. असं कोण करील, आणि कशासाठी? तिच्या मनात काहीतरी टोचलं, पण तिने ते तिथेच दाबलं. आपल्याला नको असलेलं उत्तर समोर दिसलं की शहाणी माणसंही डोळे दुसरीकडे फिरवतात.

गावच्या आरोग्य उपकेंद्रात आशाताई चैताली ओआरएसची पाकिटं वाटत होती. चार दिवस झोप नसलेली पोरगी. उपकेंद्रामागे गप्पी मासे वाढवायचा तिचा हौद होता, आणि कोणत्या घराला किती मासे दिले त्याची वही.

"ऑक्टोबर दाखव," तेजल म्हणाली.

चैतालीने पान उघडलं. त्या महिन्यात तीनच घरं होती. तीन तारखेला कारभारी, दहा मासे. नऊ तारखेला झुंबर, सहा मासे. चौदा तारखेला भिकन पगारे, वीस मासे.

"झुंबर कोण?"

"लंकाबाईचे मालक. जाऊन सहा वर्षं झाली." चैतालीने त्या ओळीवर बोट टेकवलं. "समर्थला डास चावतात म्हणून नेले होते हो मासे. त्याच्यासाठी."

 मग चैतालीची नजर तेजलच्या बोटाखालच्या नावावर गेली, आणि तिचा चेहरा पडला. "ताई, भिकनकाका नाहीत हो असले. त्यांचं नाव नका ना घेऊ."

"नाव तू लिहिलंयस, चैताली. मी फक्त वाचतेय," तेजल म्हणाली, आणि असं बोलल्याचं तिला लगेच वाईट वाटलं.

४

पंपघरासमोर आता बरीच माणसं जमली होती. तेजलने सगळ्यांना बाहेर थांबवून भिकनला आत बोलावलं आणि आशाताईच्या वहीत काय सापडलं ते सांगितलं. त्याने अगदी शांतपणे ऐकलं.

"व्हय," तो म्हणाला. "मीच बदलले."

"कधी?"

"कागदावर हाय ना तवाच. चौदा तारखेला. सकाळी मासे मेलेले दिसले, भ्यालो, गप्पी आणून टाकले. माझं नाव लिव्हा आन मोकळ्या व्हा, ताई."

"लाइट होती तरी नाही म्हणून लिहिलंत?"

"व्हय. मीच लिव्हलं."

तेजलने वही त्याच्यासमोर धरली. संक्रांतीचं पान एका बाजूला, ऑक्टोबरचं दुसऱ्या बाजूला. एकीकडे मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक अक्षर, दुसरीकडे पाटीवर गिरवावीत तशी टपोरी अक्षरं.

"काका, अकरा ऑक्टोबरला तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नाशिकच्या शिबिरात तुमचं नाव मी घातलं होतं, स्टँडवरून रिक्षाने तुम्हाला मीच नेलं. वीस तारखेपर्यंत तुम्ही तुमच्या भावाकडे डोळ्यावर पट्टी बांधून होतात. मासे न्यायला तुम्ही गेला नाहीत, आणि वहीत लिहिलंतही नाही."

"पण आशाताईच्या वहीत..."

"आशाताईच्या वहीत झुंबरनीही मासे नेलेत. मेलेला माणूस मासे न्यायला येतो का? मासे कुणीही नेले तरी ती नाव घरातल्या कर्त्या पुरुषाचंच लिहिते. लंकाबाईंनी नेले ते झुंबरच्या नावावर गेले. तुमच्या नावावर कुणी नेलेले गेले, काका?"

भिकनने तिच्याकडे पाहिलं. ऑपरेशन झालेला डोळा लख्ख होता, दुसरा धुरकट. दोन्ही भरून आले होते.

"ताई, तुमी लय हुशार हाय," तो म्हणाला. "आजच्या दिवस एवढं हुशार नका होऊ."

दारात बांगड्या वाजल्या. भिकनची बायको विमलाबाई तिथे उभी होती, पंपघराची किल्ली पदराच्या टोकाला बांधलेली.

"त्यांला कशाला इचारता?" ती म्हणाली. "मला इचारा."

५

ती आत येऊन टाकीच्या कडेला बसली. माशांकडे तिने पाहिलं नाही.

"ह्यांचा डोळा बांधलेला व्हता, म्हून ते धा दिवस पंप मी बघत व्हते. पंचायतीला सांगितलं नाय, सांगितलं तर दुसरा गडी लावला असता. चौदा तारखेला वंदनेला जायाचं म्हून पांढरं लुगडं नेसून, आधी पंप लावायला आले. बघते तर सगळे पालथे. एकोणीस व्हते. मी हातानं काढले, ताई, एकेक. पंप नाय लावला. तेवढं पाप नाय केलं. पाणी निवळलं तवाच सोडलं."

"हे मला माहीत आहे, मावशी. वहीनेच सांगितलं ते. पण तुम्ही मला फोन का नाही केला? पाटीवर माझा नंबर आहे. मी तासाभरात आले असते. टँकर तेव्हाच सापडला असता."

विमलाबाईने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आश्चर्य होतं. मग ती उठली, तेजलच्या मनगटाला धरून तिला निळ्या पाटीपुढे घेऊन गेली.

"म्हातारपणी वाचायला शिकले मी," ती म्हणाली. "बचतगटाच्या वर्गात. आन सराव केला तो ह्या पाटीवर. ह्यांचा डबा घेऊन आले की एकेक अक्षर लावायची. मला तोंडपाठ हाय. तुमी वाचा."

तेजलने वाचलं. पहिल्या चार सूचना माशांना काय घालायचं, काच कशी पुसायची, केव्हा बघायचं, कुणाला कळवायचं अशा होत्या. पाचवी होती : 'मासे मेल्यास पंपचालकास जबाबदार धरून कामावरून कमी करण्यात येईल.' खाली सही. प्रकल्प अधिकारी, तेजल दोंदे.

तिला तो दिवस आठवला. दुसऱ्या एका गावात पंपचालकाने टाकी कोरडी पडू दिली होती, मासे तडफडून मेले होते. ती संतापून ऑफिसात आली आणि पाटी रंगवायला जाण्याआधी एका मिनिटात ही ओळ तिने खाली घातली. परत वाचूनही पाहिली नाही.

"म्हंजी मासे मरू द्यायचे नाय, एवढं मला कळलं," विमलाबाई म्हणाली. "घाणीनं मेले का हयगयीनं मेले, ते पाटीवर नव्हतं. हे डोळ्याची पट्टी सोडून घरी यायचे, आन नोकरी गेलेली असायची. एकवीस वरसं पंप चालवला ह्यांनी. म्हून मी न मरणारे मासे आणले. करड्या माद्या निवडून घेतल्या, वळखू येऊ नये म्हून. मला काय ठावं, ताई, की त्यांनी मरायलाच पाह्यजे व्हतं!"

भिकन भिंतीला टेकून बसला होता. "मी आलो तवा पयल्यांदा एवढं साफ दिसत व्हतं मला. टाकीपाशी गेलो, पट्टे दिसंनात. तवाच समजलो. पण ती माझ्याकडं बघंना, आन मी बी इचारलं नाय. तिनं माझ्यासाठी केलं, मी कोणत्या तोंडानं बोलू? मासे हालत व्हते. मी जिवंत लिव्हलं. एक दिवस खोटं नाय लिव्हलं."

तेजल तिथेच जमिनीवर बसली. खरंच कुणी खोटं लिहिलं नव्हतं, चौदा-पंधरा तारखेची ती लाइट सोडली तर. मासेही खोटं बोलले नव्हते. तिच्या एकोणीस माशांनी ऑक्टोबरातच मरून आपलं काम चोख केलं होतं. ओढ्यात विष आहे, हे त्यांनी वेळेवर सांगितलं होतं. पण ऐकणाऱ्याला शिक्षा ठेवली होती ती तेजलने. निरोप आणणाऱ्याचं डोकं उडवायचं म्हटल्यावर निरोप येणार कसा? आणि तो आला नाही म्हणून रविराज निर्धास्त झाला, आणि गाव निर्धास्त झालं, आणि समर्थ गेला. ती रडली नाही. त्या बाईसमोर रडायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटलं.

चार वाजता ग्रामसभेत तिने अहवाल वाचला. 'जबाबदार' असं छापलेल्या रकान्यात तीन नावं होती. पहिलं तेजल दोंदे, दुसरं रविराज, तिसरं विमलाबाई पगारे, आणि तिसऱ्यापुढे तिने लिहिलं होतं, 'भीतीपोटी. भीती पाटीने घातली.'

"मॅडम, तुमचं नाव कशाला?" कारभारीनाना हळूच कानाशी लागले. "टँकरवाल्याचं एक पुरंसं हाय."

"नाना, एकच नाव दिलं की बाकीचे सगळे निवांत झोपतात," ती म्हणाली. "आणि मग पुढच्या वर्षी आणखी कुणाचं तरी पोर."

पोलिसांच्या गाडीत रविराज स्वतःहून जाऊन बसला. विमलाबाईला दुसऱ्या दिवशी जबाब द्यायला बोलावलं. भिकनला कुणी हात लावला नाही. पण कुणी त्याच्याशी बोललंही नाही.

६

लंकाबाई ग्रामसभेला आली नव्हती. तेजल तिच्या घरी निघाली तेव्हा विमलाबाई मागोमाग चालत आली. ये असंही कुणी म्हटलं नाही, येऊ नको असंही नाही.

लंकाबाई ओट्यावर बसली होती. पुढ्यात समर्थचं स्वेटर होतं, एक बाही अजून विणायची राहिलेली. सुया तशाच अडकलेल्या. तेजलने तिला सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून, काही न वगळता. टँकरचं, गप्पींचं, पाटीचं. लंकाबाई सुयांकडे बघत ऐकत होती.

"म्हंजी मासे तवाच मेले व्हते," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आन तवाच कळलं असतं, तर टँकर बंद झाला असता."

"हो."

"मंग समर्थ..."

"हो, आजी," तेजल म्हणाली. यापेक्षा जड शब्द तिने आयुष्यात उच्चारला नव्हता.

विमलाबाईने ओट्याच्या पायरीवर डोकं टेकलं. लंकाबाईने तिला उठवलं नाही, लोटलंही नाही. ती नुसती बघत राहिली. समर्थ झाला तेव्हा याच विमलाबाईने त्याला पहिली आंघोळ घातली होती, हे त्या दोघींनाच ठाऊक होतं.

मग लंकाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि आत गेली. भांड्यांचा आवाज आला. दारी आलेल्याला पाण्याशिवाय परत पाठवायचं नाही, ही रीत तिच्या हातांना ठाऊक होती, आणि हात आपले आपण चालले होते. ती ताटात दोन पेले घेऊन बाहेर आली. एक तिने तेजलपुढे ठेवला. दुसरा हातात धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग खाली वाकून तो विमलाबाईच्या डोक्याशी पायरीवर ठेवला.

तेजलने पेला उचलला, पण ओठांना लावायला तिचा हात वर जाईना.

"प्या," लंकाबाई म्हणाली. "भ्यायचं काम नाय. उकळून, गाळून ठिवलंय. आता रोज उकळते मी."